सोसायटीचा अबोला आणि आपला रक्तदाब



रक्तदाब म्हटला की आपण मिठाबद्दल बोलतो, तंबाखूबद्दल बोलतो, गोळी चुकवू नका असे एकमेकांना बजावतो. ते सगळे खरेच आहे. पण आज रक्तदाबाच्या अशा एका कारणाबद्दल बोलायचे आहे, जे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कधी लिहिलेले नसते. ते कारण म्हणजे शेजार.

आपल्यातली कितीतरी कुटुंबे गेल्या काही वर्षांत वस्तीतून बाहेर पडली. आईवडिलांनी सफाई खात्यात, गिरणीत, बिगारीवर हाडे झिजवली. मुले शिकली, बँकेत, रेल्वेत, शाळेत लागली. कर्ज काढून सोसायटीत फ्लॅट घेतला. गृहप्रवेशाला बुद्धवंदना झाली, खीर वाटली. आणि सहा महिन्यांनी तक्रारी सुरू झाल्या. रात्री झोप लागत नाही. लिफ्टमध्ये पाऊल टाकताना छातीत धडधडते. डोके जड राहते. वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, नळावरच्या भांडणात आणि शेजारच्या टीव्हीच्या आवाजात गाढ झोपणारी बाई, शांत आणि हवेशीर घरात छताकडे बघत का पडून राहते?

हे समजून घ्यायला आज आपण जरा लांब, अमेरिकेत जाऊ. सुमारे सत्तर वर्षांपूर्वी तिथल्या एका नव्याकोऱ्या वसाहतीत जे घडले ते इतके उघडपणे घडले, की आपल्याकडे जे बंद दाराआड चालते ते त्यात स्वच्छ दिसते.

एकसारख्या घरांचे गाव

दुसरे महायुद्ध संपले, सैनिक घरी परतले, लग्ने झाली, मुले झाली आणि अमेरिकेत घरांची टंचाई पडली. विल्यम लेव्हिट नावाच्या बिल्डरने त्यावर तोडगा काढला. कारखान्यात मोटारी बनतात तशी झटपट घरे बांधायची. फरक एवढाच की इथे घर जागेवर राहणार आणि कामगारांच्या टोळ्या एका घरातून दुसऱ्या घरात सरकणार. एक टोळी नुसता पाया घालणार, दुसरी भिंती उभ्या करणार, तिसरी रंग देणार. १९४७ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर पहिले 'लेव्हिटटाउन' सुरू झाले. दुसरे पेनसिल्व्हेनिया राज्यात झाले. तिथे १९५२ ते १९५८ या काळात १७,३११ घरे उभी राहिली.

घरे स्वस्त होती, हप्ते परवडणारे होते. कामगार, शिपाई, कारकून अशा साध्या माणसांना आयुष्यात पहिल्यांदा अंगण असलेले घर मिळाले. हे मोठेच काम होते, ते मान्य करायला हवे. पण या वसाहतींना नियम होते. अंगणातले गवत वेळेवर कापायचे. कुंपण घालायचे नाही. कपडे मागच्या अंगणात, ठरवून दिलेल्या प्रकारच्या दांडीवरच वाळत घालायचे, आणि रविवारी तेही नाही. सगळी घरे सारखी, सगळी अंगणे सारखी. सगळ्यांनी एकसारखे राहावे अशी अपेक्षा.

या सगळ्या नियमांच्या वर एक नियम होता. घर फक्त गोऱ्यांना. पहिल्या लेव्हिटटाउनच्या करारात तर हे कलम छापलेलेच होते. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'शेली विरुद्ध क्रेमर' या खटल्यात निकाल दिला, की असे वर्णभेदी करार न्यायालये अमलात आणू शकत नाहीत. कागदावरचे कलम गेले, पण घर कोणाला विकायचे आणि कोणाला नाही, यात काडीचा फरक पडला नाही.

लेव्हिट स्वतः ज्यू होते. यहुद्वेष काय असतो हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तरीही त्यांचे म्हणणे असे, की माझ्या मनात द्वेष नाही, पण एका कृष्णवर्णीय कुटुंबाला घर दिले तर गोरी गिऱ्हाइके फिरकणार नाहीत. आम्ही एक तर घरांचा प्रश्न सोडवू किंवा वंशाचा, दोन्ही एकदम जमणार नाही. 'मला काही नाही हो, पण सोसायटीतले बाकीचे लोक...' हे वाक्य आपण ऐकलेले आहे. ते फक्त आपल्याकडचे नाही.

आणि हा एकट्या बिल्डरचा दोषही नव्हता. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्याच एका संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले होते. कर्ज द्यायला चांगल्या वस्त्या हिरव्या, आणि 'धोकादायक' वस्त्या लाल. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लालच असत. गृहकर्जाला हमी देणाऱ्या सरकारी खात्याचे धोरणही तेच होते. म्हणजे ज्याने युद्धात देशासाठी बंदूक धरली, त्यालाही कातडीच्या रंगामुळे त्या गावात घर मिळत नव्हते.

डीपग्रीन लेनवरचे कुटुंब

विल्यम ऊर्फ बिल मायर्स हे असेच एक माजी सैनिक. शीतयंत्रांचे तंत्रज्ञ. पत्नी डेझी पदवीधर, शिक्षिकेचे शिक्षण घेतलेली. दोन लहान मुलगे आणि एक तान्ही मुलगी. जुने घर अपुरे पडू लागले म्हणून त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या लेव्हिटटाउनमध्ये, डीपग्रीन लेनवर, एका गोऱ्या मालकाकडून त्याचे घर विकत घेतले. १३ ऑगस्ट १९५७ रोजी ते राहायला आले. सुमारे साठ हजार वस्तीच्या त्या गावातले ते पहिले कृष्णवर्णीय कुटुंब.

दारात पोस्टमन आला. डेझी त्याला घरातली मोलकरीण वाटली. ती मालकीण आहे हे कळल्यावर त्याने ही बातमी गल्लीभर केली. संध्याकाळपर्यंत घरासमोर गर्दी जमली. दगड आले, पुढच्या मोठ्या खिडकीच्या काचा फुटल्या. रोज रात्री शेकडो माणसे जमू लागली. हे लोक कोणी गुंड नव्हते. सकाळी कामावर जाणारे, अंगणातले गवत कापणारे, रविवारी चर्चमध्ये जाणारे बापे आणि बाया होत्या. एका रात्री दगड लागून पोलीसच बेशुद्ध पडला, तेव्हा राज्य पोलिसांनी जमावबंदी केली.

दगड थांबले, पण त्रास थांबला नाही, त्याने फक्त रूप बदलले. मायर्स यांच्या घरामागचे एक रिकामे घर विरोधकांनी अड्डा म्हणून वापरले. तिथे गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा झेंडा लावला आणि रात्री-अपरात्री मोठ्याने गाणी वाजवली. धमक्यांचे फोन येत राहिले. गावात क्रॉस जाळण्यात आले, म्हणजे कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी टोळीची खूण. आणि ज्यांनी यातले काहीच केले नाही, त्यांतल्या पुष्कळांनी नुसती पाठ फिरवली.

त्या वेळी शेजारच्या एका व्यक्तीचे बोलणे छापून आले होते. तिच्या मते बिल मायर्स माणूस चांगला असेल, पण त्याला पाहिले की तिला आपल्या घराची किंमत दोन हजार डॉलरने उतरलेली दिसे. द्वेषाला किती सहज हिशेबाचा सदरा घालता येतो पाहा. 'आमचा रेट पडेल' हे आजही दलाल किती सभ्यपणे सांगतात!

दगड नाही, तरी जखम

आता आरोग्याच्या पानाचा प्रश्न. दगड लागला तर जखम दिसते, टाके घालता येतात. पण नुसते कोणी बोलले नाही, जिन्यात तोंड फिरवले, तर शरीराला काय होते?

पुष्कळ होते. समोर धोका दिसला की मेंदू शरीराला सावध करतो. अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात उतरतात. हृदय जोरात धावते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, साखर वाढते. कुत्रा मागे लागला तर हे उपयोगाचे आहे, कारण आपण पळू शकतो. कुत्रा गेला की थोड्या वेळाने शरीर शांत होते. पण धोका रोजचाच असेल, घराच्या दाराबाहेरच उभा असेल, तर शरीर कधी शांत व्हायचे? निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत साधारण १० ते २० टक्के खाली येतो. हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची ती विश्रांती असते. जो माणूस झोपेतही कान टवकारून असतो, त्याला ती विश्रांती पुरती मिळत नाही.

नुसत्या वगळण्यानेही दुखते, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. लोकांना संगणकावर चेंडू टाकाटाकीचा साधा खेळ खेळायला दिला. थोड्या वेळाने खेळातल्या बाकीच्या दोघांनी त्यांच्याकडे चेंडू टाकणे बंद केले. बस, एवढेच. पण त्या वेळी मेंदूची छायाचित्रे घेतली तर, शारीरिक वेदनेचा त्रास जाणवताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच भाग जागा झालेला दिसला. विचार करा, अनोळखी माणसांनी संगणकावरचा चेंडू दिला नाही तर एवढे होते, तर हळदीकुंकवाला मजल्यावरची सगळी दारे वाजली आणि फक्त आपलेच वाजले नाही, तर काय होत असेल? आपल्याला त्या हळदीकुंकवाला जायचे नसते, हा भाग निराळा. जायचे नसणे आणि न बोलावणे यांत फरक आहे.

अमेरिकेतल्या संशोधक आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ साली याला एक नाव दिले, 'वेदरिंग'. ऊन, वारा, पाऊस खाऊन दगड झिजतो, तसे शरीर झिजणे. त्यांनी पाहिले की गोऱ्या बायकांचे बाळंतपण विशीत सर्वांत सुरक्षित असते, पण कृष्णवर्णीय बायकांच्या बाबतीत विशीच्या पुढे वय वाढत जाते तसा बाळाच्या जिवाचा धोका वाढत जातो. त्यांचा निष्कर्ष असा, की भेदभावात आणि ओढाताणीत जगणाऱ्यांचे शरीर वयाच्या आधीच म्हातारे होऊ लागते. दोष रक्तात नाही, वागणुकीत आहे.

जास्त कष्ट करून दाखवण्याची किंमत

आपल्या शिकल्यासवरल्या, पुढे गेलेल्या मंडळींनी पुढचा भाग जरा लक्ष देऊन वाचावा.

शर्मन जेम्स या अमेरिकी संशोधकाला १९७८ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यात एक वयस्कर कृष्णवर्णीय शेतकरी भेटले. त्यांचे नाव जॉन हेन्री मार्टिन. अत्यंत गरिबीत जन्मलेले, शाळा फारशी नाही. दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबून त्यांनी कर्जातून सुटका करून घेतली आणि चाळिशीपर्यंत ७५ एकर जमिनीचे मालक झाले. पण पन्नाशीत त्यांना उच्च रक्तदाब होता, सांधेदुखी होती आणि पोटातला व्रण इतका वाढलेला की जठराचा ४० टक्के भाग काढून टाकावा लागला.

अमेरिकेत जॉन हेन्री नावाच्याच एका मजुराची लोककथा आहे. हातोड्याने डोंगर फोडणारा हा मजूर वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, जिंकतो आणि हातोडा हातात असतानाच मरून पडतो. जेम्स यांनी या प्रकाराला त्याच्या नावावरून 'जॉन हेन्रीझम' म्हटले. साधने कमी, अडथळे जास्त, तरी मी दुप्पट मेहनत करून सगळ्यांना दाखवीन, अशी जिद्द. या जिद्दीने माणूस पुढे जातो. पण पाठीशी पैसा, वेळ, माणसे नसतील तर तीच जिद्द रक्तदाब वाढवते, असे त्यांना आढळले.

आपली माणसे नव्या इमारतीत काय करतात ते आठवा. जिना दुसऱ्यांपेक्षा जास्त स्वच्छ ठेवतात. मेन्टेनन्स सगळ्यांच्या आधी भरतात. मुलांना दहादा बजावतात, 'आवाज करू नका, लोक काय म्हणतील, यांची मुले अशीच म्हणतील.' मासळी आणली तर खिडक्या लावून तळतात. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून आतल्या खोलीत जातो. नावाच्या पाटीवर आडनावाऐवजी नुसते पहिले नाव येते. चोवीस तास परीक्षा चालू असते आणि निकाल कधी लागत नाही. याला आपण शिस्त म्हणतो, समजूतदारपणा म्हणतो. शरीराला मात्र तो ताणच वाटतो.

बडोद्याचे अकरा दिवस

बाबासाहेबांनी हे स्वतः सोसले आहे. १९१७ साली अमेरिका आणि इंग्लंडमधून उच्च शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानात नोकरीला आले. राहायला जागा कोणी देईना. शेवटी एका पारशी सरायीत पारशी नाव लावून राहिले. वरच्या मजल्यावर ते एकटेच असत. सोबतीला अडगळ, अंधार आणि मिणमिणता कंदील. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणून बजावून गेले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारले, तर दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. गाडी रात्रीची होती. मधले तास त्यांनी कमाठी बागेत बसून काढले.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे लिहिले आहे. तिथे ते म्हणतात, की अठरा वर्षे झाली तरी तो प्रसंग पुसला गेलेला नाही आणि तो आठवला की डोळ्यांत पाणी येते. एवढ्या मोठ्या विद्वानाच्या, एवढ्या खंबीर माणसाच्या शरीराने ते अठरा वर्षे जपून ठेवले. म्हणून घरात कोणी रडले, घाबरले, 'मला इथे नको' म्हणाले, तर त्याला 'बाबासाहेबांची लेकरे असून रडता काय?' असे म्हणू नका. बाबासाहेबांनी रडल्याचे लपवले नाही.

शेजारच्या घरातली बी

लेव्हिटटाउनच्या गोष्टीचा एक भाग अजून सांगायचा आहे, आणि आरोग्याच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा.

मायर्स यांच्या अगदी शेजारी ल्यू आणि बी वेक्सलर हे ज्यू जोडपे राहत होते. त्यांनी पहिल्या दिवसापासून या कुटुंबाची साथ धरली. त्यांच्या भिंतीवर रंगाने क्लॅनची अक्षरे रंगवली गेली. ते हटले नाहीत. क्वेकर या शांतताप्रिय पंथाची माणसे आणि गावातले काही गोरे शेजारी मदतीला आले. ऑक्टोबर १९५७ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी त्रास देणाऱ्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि ऑगस्ट १९५८ मध्ये कायमचा मनाई हुकूम मिळाला. मायर्स कुटुंब पळून गेले नाही. ते तिथे चार वर्षे राहिले आणि १९६१ साली स्वतःच्या कारणाने दुसरीकडे गेले. डेझी पुढे शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. १९९९ साली तिथल्या महापौरांनी त्यांना सन्मानाने बोलावून झाल्या प्रकाराची माफी मागितली. घरविक्रीत वर्णभेद करायला बंदी घालणारा कायदा अमेरिकेत १९६८ साली आला.

साठ हजारांच्या गावात वेक्सलरांसारखी घरे थोडीच होती. पण ती होती. माणसांचा आधार ही नुसती भावनेची गोष्ट नाही. २०१० साली १४८ अभ्यासांचा आणि तीन लाखांहून अधिक माणसांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांचे इतरांशी घट्ट नाते आहे, त्यांची जगण्याची शक्यता एकाकी माणसांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. तंबाखू सोडण्याने जो फायदा होतो, त्याच्या तोडीचा हा फायदा आहे. एक शेजारीण चहाला आली, तर ते औषध आहे.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, रक्तदाब मोजा. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी, आणि घर बदलले असेल, झोप बिघडली असेल तर लगेच. महापालिकेच्या दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोजून मिळतो. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४० / ९० किंवा त्याहून जास्त आला, तर डॉक्टरांचा सल्ला घ्या. गोळी सुरू झाली तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. आनापानसतीने मन शांत होते, झोपेला मदत होते, ती जरूर करा. पण ती गोळीच्या जागी नव्हे, गोळीच्या जोडीला. आणि झोपेसाठी दारूचा आधार घेऊ नका. दारूने झोप तुटक होते आणि रक्तदाब वाढतो.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांना खरे कारण सांगा. 'टेन्शन आहे' एवढ्यावर थांबू नका. शेजारी कसे वागतात, कधीपासून झोप गेली, हेही सांगा. सतत उदास वाटत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येते. फोन करणे म्हणजे वेड लागणे नव्हे.

तिसरी गोष्ट, मुलांकडे बघा. मूल सांगत नाही, त्याचे शरीर सांगते. शाळेत जायच्या वेळी पोट दुखणे, खाली खेळायला जायचे टाळणे, मोठ्या मुलाने पुन्हा अंथरुण ओले करणे, अशी लक्षणे दिसली तर रागावू नका, जवळ घेऊन विचारा. आणि त्याला स्पष्ट सांगा की चूक तुझी नाही. ज्या मुलाला हे घरात कळते, ते बाहेरचा अपमान स्वतःच्या अंगाला चिकटवून घेत नाही.

चौथी गोष्ट, जुनी वस्ती तोडू नका. फ्लॅट घेतला म्हणून विहाराची वाट विसरू नका. पौर्णिमेला, जयंतीला, एरवी रविवारीसुद्धा मुलांना घेऊन या. आणि वस्तीतल्या मंडळींनी 'आता मोठे झाले, साहेब झाले' असे टोमणे मारू नयेत. तिकडे दार बंद आणि इकडे टोमणा, अशा माणसाने जायचे कुठे? विहाराच्या महिला मंडळाने महिन्यातून एकदा अशा एखाद्या घरी चार जणींनी मिळून जायचे ठरवले, तरी पुष्कळ होईल.

पाचवी गोष्ट, कायदा माहीत असू द्या. सहकारी संस्थेला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार सामाजिक बहिष्कार घालणे किंवा तशी धमकी देणे हा गुन्हा आहे. त्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६. घडलेल्या गोष्टी तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवा. लिहिल्याने पुरावा तयार होतो, आणि डोक्यावरचा भारही थोडा उतरतो.

आपले दार

शेवटची गोष्ट थोडी कडू आहे, पण आरोग्याचे पान गोड बोलायला नसते.

लेव्हिटटाउनमध्ये दगड मारणारी माणसे गरीब घरांतूनच वर आलेली होती. त्यांतली कितीतरी स्वतः युरोपातून हाकलल्या गेलेल्यांची नातवंडे होती. सोसलेला माणूस दुसऱ्याला सोसायला लावत नाही, असा काही नियम नाही.

आपल्या गल्लीकडे बघू. क्षयरोग झालेल्याचा पेला वेगळा ठेवणारे घर आपल्यात नाही का? क्षय भांड्यांतून पसरत नाही, आणि योग्य औषध सुरू झाले की काही आठवड्यांतच त्याच्यापासून होणारा संसर्गाचा धोका खूप कमी होतो. एचआयव्ही असलेल्या विधवेच्या मुलांशी खेळू नका असे आपल्यातले कोणी सांगत नाही का? तो हात लावल्याने, सोबत जेवल्याने होत नाही. परराज्यातून आलेला भाडेकरू, तृतीयपंथी, मनाच्या आजाराची बाई, दुसऱ्या जातीतून आलेली सून, यांच्याशी आपल्या नळावर कोण बोलते? त्यांचाही रक्तदाब आपल्या वागण्याने वाढतो. अत्त दीप भव म्हणताना दिवा आपल्या उंबऱ्यावरही धरायला हवा.

या महिन्यात एक काम करू. इमारतीत असाल तर इमारतीत, वस्तीत असाल तर वस्तीत, ज्या दारावर कोणी जात नाही असे एक दार शोधा. जा. नाव विचारा, आडनाव नको. पाणी मागून प्या. 'काही लागले तर हाक मारा' म्हणून या. डीपग्रीन लेनवर बी वेक्सलरने तेच केले होते.

सर्वांचे मंगल होवो!